डावं बटण

नाशिक
८ डिसेंबर २०२४

प्रिय छायाताई,

नमस्कार लिहून बराच वेळ झाला. पुढचं सुचत नाही, म्हणून आधी घरचं लिहिते. मी इंदिरानगरला आईबाबांबरोबर राहते. आईला ऐकू कमी येतं, पण ते ती मान्य करत नाही. बाबा निवृत्त झाले. मी लग्न केलेलं नाही. हे तू विचारशीलच. तुझ्या सासूबाई, गोजराआजी, कशा आहेत? मखमलाबादला मळ्यात थंडी आमच्यापेक्षा जास्त असेल.

तुझा पत्ता प्रदर्शनाच्या वहीत सापडला. तुझ्या तेजलनं लिहिलाय. अक्षर चांगलं आहे. पत्त्याखाली फोन नंबरही होता. पण फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकते. आपल्या वर्कशॉपमध्येही तसंच होतं. म्हणून पत्र.

गेल्या रविवारी सातपूरच्या शेडमध्ये तू जे पाहायला आलीस, ते माझं काम आहे. दारावरच्या पाटीवर फक्त आमच्या स्टुडिओचं नाव आहे, त्यामुळे तुला कळलं नसेल.

मी काय करते ते सांगणं अवघड जातं. आई शेजारी सांगते, लाइटिंगचं काम करते. आम्ही अशा जागा तयार करतो, जिथं माणसानं काही केलं की जागा त्याला उत्तर देते. समोर पडदा नसतो, दाबायला बटण नसतं. चालायचं, वाकायचं, हात ठेवायचा. त्यावरून आवाज बदलतो, उजेड हलतो. प्रदर्शन भरवणाऱ्या ट्रस्टनं ती बंद शेड घेतली तेव्हा त्यांना आपल्या भागातली कामं दाखवायची होती. मी म्हटलं, दाखवायची नकोत, करायला देऊ.

तू लासलगावच्या कांद्याच्या ट्रॉल्यांच्या रांगेतून चाललीस. तिथं आपण चालू तसा लिलाव पुकारणाऱ्याचा आवाज बरोबर चालतो. थांबलं की थांबतो. मागे आलं की मागच्या ट्रॉलीचा भाव परत पुकारतो. तू तीनदा मागे आलीस आणि तेजलला म्हणालीस, “बघ, ह्यो एकदा बोललेला भाव परत बोलतोय. खरा असता तर बोलला असता का?” आम्ही तीन महिने त्या आवाजावर काम केलं. ही चूक आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आली नव्हती.

हे सगळं मी ऐकलं, कारण मी मागच्या खोलीत होते. तिथं स्क्रीन असतात, प्रत्येक ठिकाणचे आकडे दिसतात. पहिल्या महिन्यात मी रोज जाऊन बसायचे.

मग तू प्रेसपाशी आलीस.

पत्र्याची पट्टी डायमध्ये दाबून आकार देणारी खरी प्रेस ती नाही. लोखंडी चौकट आहे, तिच्यात वरून खाली येणारा जाड उजेड आहे, आणि जमिनीखाली ठोके देणारी यंत्रं बसवली आहेत. समोर पितळेच्या दोन पट्ट्या. भिंतीवर लिहिलंय, दोन्ही तळहात टेकवा. अर्ध्या सेकंदाच्या आत दोन्ही हात टेकले तर उजेड कोसळतो आणि पायाखालची फरशी हादरते. एक हात उशिरा आला तर काहीच होत नाही. लोकांना हे आवडतं. पुन्हा पुन्हा करतात.

तेजलनं केलं. ती दचकली, हसली आणि म्हणाली, “आई, तू कर.”

तू म्हणालीस, “मला ठाऊक हाय प्रेस कशी पडती.”

“कर ना गं. लोक थांबलेत मागे.”

तू डावा हात पदराखालून काढलास. दोन्ही हात टेकवलेस. उजव्या पट्टीचा आकडा माझ्या स्क्रीनवर ब्याण्णव आला. डाव्या पट्टीचा एकतीस. चालू व्हायला साठ लागतात. पोरं कोपरं टेकवून मस्ती करतील म्हणून साठ मी ठरवले होते. पूर्ण पंजा टेकला तरच साठ होतात.

आमच्या स्टुडिओतली एक मुलगी तिथं उभी असते, ती म्हणाली, “मावशी, पूर्ण हात ठेवा.”

तू म्हणालीस, “एवढाच हाय, बाई.”

आणि परत टेकवलास. जोर देऊन. चौतीस.

साठचे वीस करायला मला तीन सेकंद लागले असते. बाहेर यायला दहा. मी काहीच केलं नाही. तू पदर सारखा केलास आणि म्हणालीस, “चल, पुढं बघू.”

आता मर्यादा वीसवर आणली आहे. दोन माणसांनी मिळून एकेक हात ठेवला तरी चालतं. हे पहिल्यापासून असायला हवं होतं. वेगवेगळ्या शरीरांचा विचार करणं हा माझ्या कामाचा पहिला धडा आहे, मी तो डिझाइन शिकणाऱ्या मुलांना शिकवतेही.

मी बाहेर आले नाही, कारण मला लाज वाटली. तू मला काय काय शिकवलंस ते विसरलेले नाही. शिकाऊ म्हणून पहिल्या दिवशी आले तेव्हा आत पाऊल टाकायच्या आधी तू माझी ओढणी धरलीस. म्हणालीस, “खोच आधी. मशीन ताई-माई बघत नाय.” मला एकोणिसावं चालू होतं. त्या पूर्ण वर्षात माझ्याशी कामाचं सोडून दुसरं बोलणारी तू एकटीच होतीस.

परत येशील का? या वेळी मी बाहेर उभी असेन.

तुझी
हर्षू



नाशिक
२२ डिसेंबर २०२४

छायाताई,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. काही भाग आईला मोठ्यानं वाचून दाखवला. “तू पडद्यामागं व्हतीस आन भायेर आली नाय. आम्ही काय वर्गणी मागाया आलो व्हतो?” हे वाक्य तिनं दोनदा वाचायला लावलं. पहिल्यांदा ऐकू आलं नाही म्हणून, दुसऱ्यांदा ऐकू आलं म्हणून.

तेजल दहावीला आहे हे कळलं. गणितात ती कच्ची नाही, घाई करते, असं तू लिहिलंस. पाठव माझ्याकडे.

कुंदनभाऊंनी झेंडूऐवजी शेवंती लावली, बरं केलं. झेंडू तोडायला एक हात पुरतो आणि शेवंतीला दोन लागतात, त्यामुळे तुला आयती सुट्टी मिळाली आणि सासूबाई कुरकुरतात, हेही वाचलं. त्यांना माझा नमस्कार.

आता तू जे विचारलंस त्याबद्दल. तुझे शब्द समोर ठेवून उत्तर देते, म्हणजे चुकायचं नाही. तू लिहिलंस:

“एक इचारते. तू वायरिंगवाली, तुला कळंल. माझा उजवा हात बटणावर टेकलेला. डावा डायमधी, पट्टी सरळ करीत व्हता. मंग डावं बटण कोणी दाबलं? सासूबाई म्हनतात, देवाची मर्जी. सायेब म्हनले, बटण दाबलेलं ऱ्हावं म्हनून बाईनं त्याला रबर बांधलं व्हतं. मी नव्हतं बांधलं. पन साडेनऊ वर्सं सगळे एकच सांगत्यात, तर आता मला पन दिसतं, मी रबर बांधतीये. रंग सुदीक दिसतो, काळा. त्यानंतर चार ठिकाणी कामाला इचारलं. पॅकिंगचं सुदीक दिलं नाय कोणी. रबरवाली म्हनायचे. तेजल इचारती तवा मी सांगते, बांधलं व्हतं. एका वाक्यात उरकतं. पन मला कळाया पायजे, की मी येडी हाय का.”

तू वेडी नाहीस.

प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही एकदम दाबल्याशिवाय ती पडत नाही. बटणांच्या मागे रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, असतो. तो दिवसातून हजारो वेळा चालू-बंद होतो. झिजला की त्यातले धातूचे बिंदू एकमेकांना चिकटू शकतात. मग एक बटण न दाबताही दाबल्यासारखं राहतं. पुढच्या हादऱ्यानं ते सुटूही शकतं, त्यामुळे तपासणीत काही सापडत नाही. जुन्या मशीनवर असं झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे दोष मशीनचा असू शकतो.

तेजलला हे सांगितलंस तर चालेल.

बाकी, राजला मी तुझ्याबद्दल सांगितलं. राज म्हणजे स्टुडिओतला माझा भागीदार. आवाजाचं सगळं तो बघतो. तो म्हणाला की ज्यांनी खरी प्रेस चालवली त्यांच्यापैकी तुझ्याशिवाय अजून कोणीही आपल्याकडे आलेलं नाही, त्यांना आणायलाच हवं. तू कधी येतेस ते कळव. रिक्षानं ये, भाडं आम्ही देऊ. नाही म्हणू नकोस. सगळ्यांना देतो.

थांबते. कामावर जायचं आहे.

हर्षाली



नाशिक
९ जानेवारी २०२५

छायाताई,

मागच्या पत्रातला रिलेचा परिच्छेद खोडून टाक. त्यात लिहिलेलं कुठल्यातरी मशीनवर खरं असेल. तुझ्या मशीनवर खोटं आहे. तो लिहिताना मला ते माहीत होतं.

आधी मंगळवारचं लिहिते, कारण मंगळवारमुळे हे पत्र आहे.

तू आलीस. या वेळी मी दारात होते. तू माझे केस पाहून म्हणालीस, “पांढरे झाले की गं. माझ्याआधी?” मग प्रेसपाशी गेलीस, दोन्ही हात टेकवलेस आणि उजेड पडला. फरशी हादरली. तू लगेच हात उचलले नाहीस. मग परत टेकवून प्रेस परत पाडलीस. म्हणालीस, “आता वळखलं मला.” मी हसले. मला तेव्हा थोडा वेळ खरंच वाटलं की एवढं पुरे होईल.

मागे आयटीआयची मुलं होती. त्यातल्या एकानं विचारलं, “मावशी, हाताला काय झालं?” त्याचा मित्र त्याला गप्प करत होता. तू म्हणालीस, “इचारू दे. त्याच्यासाठीच झालंय ते.” आणि सांगितलंस. रबर बांधलं, घाई केली, हात गेला. एकानं स्वतःची बोटं मुठीत घेतली, ते मी पाहिलं.

मी तुला बाजूला घेऊन म्हटलं, “ताई, मी तर रिलेचं लिहिलं होतं.”

तू म्हणालीस, “वाचलं की. पन ते या पोरांच्या काय कामाचं? रिले काय त्यांच्या हातात हाय? रबर त्यांच्या हातात हाय. रबराचं सांगितलं तर एखाद्याचा पंजा वाचंल. माझ्या नावाचं काय एवढं.”

राज तिथंच होता. त्यानं माइक आणला आणि तू मागच्या खोलीत बसून तेच परत बोललीस. हेडफोन माझ्या कानावर होते. सत्तेचाळीस सेकंद. “मी छाया कुंदन विधाते. प्रेसवर सहा वर्सं काम केलं. माझ्या हातानं मी बटणाला रबर बांधलं. मशीनचा दोष नाय, कोणाचा नाय. पोरांनो, तुमी बांधू नका.”

राज म्हणाला, यापेक्षा चांगलं आपण काही लिहू शकत नाही. दोन्ही तळहात टेकवले, प्रेस पडली, की त्या शांततेत हा आवाज. दिवसाला तीनशे लोक येतात. ध्वनी साफ करून जागेवर चढवायचं काम एरवी राजचं, या वेळी ते मी घेतलं.

काल दुपारी मी ते करायला बसले. “माझ्या हातानं” या शब्दांच्या आधी तू थांबलीस. दीड सेकंद. असे थांबे आम्ही कमी करतो. मी तो कमी केला. मग परत होता तसा केला. मग उठले.

डावं बटण कोणी दाबलं, असं तू विचारलंस. कोणीही नाही. ते दाबायची गरजच राहिली नव्हती. त्याच्या मागे मी वायर टाकली होती.

१६ जून २०१५, मंगळवार. सकाळच्या पाळीला त्या प्रेसवर मैना होती. डावं बटण अडकत होतं. तेल आणि लोखंडाचा कीस जाऊन जाम झालं होतं. मैना तीन-तीनदा दाबत होती, तिचं मनगट सुजलं होतं. मी सावळीराम सुपरवायझरना सांगितलं. ते म्हणाले, नवीन बटण उद्या येईल, तोवर काहीतरी कर. काहीतरी म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी बटणांच्या वायरिंगची पेटी उघडली आणि डाव्या बटणाच्या दोन टोकांना वायरचा तुकडा जोडला. म्हणजे डावं बटण कायमचं दाबलेलं. आता नुसत्या उजव्या बटणावर प्रेस पडणार होती. मैनाला मी एवढंच म्हटलं, “झालं बघ.” तिला वाटलं बटण दुरुस्त झालं. ती नेहमीसारखी दोन्ही हातांनीच दाबत राहिली, त्यामुळे तिला कळलंच नाही. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. हे मुद्दाम लिहिते आहे.

पाळी तीनला बदलते. त्याआधी मी वायर काढणार होते. पण त्या दिवशी डिझाइनच्या प्रवेशाची मुलाखत होती, चार वाजता, शहरात. मी पावणेतीनला निघाले. आयटीआय सिग्नलला बस थांबली तेव्हा मला वायर आठवली.

मी विसरले नव्हते, ताई. मला आठवलं होतं. उतरून परत जायला वीस मिनिटं लागली असती. सावळीरामांचा नंबर माझ्याकडे होता. फोन केला असता तर मुलाखतीच्या दिवशी मी काय करून ठेवलंय ते त्यांना कळलं असतं. मी स्वतःला सांगितलं, दुसऱ्या पाळीला छायाताई आहे, ती दोन्ही हातांनीच दाबते, उद्या सकाळी काढू.

एक गोष्ट मला माहीत होती आणि तिचा मी विचार केला नाही. पट्टी वाकडी गेली की तुम्ही सगळ्याच उजवा हात बटणावर टेकवून डाव्या हातानं ती सरळ करायच्या. मीच तुला तसं करताना शंभरदा पाहिलं होतं. त्यात काही चूक नव्हती. दोन बटणं असतात ती त्यासाठीच. एका हातानं प्रेस पडत नाही, यावर तुम्ही विश्वास ठेवला होता, आणि तो बरोबर होता. तो मी काढून घेतला आणि तुला सांगितलं नाही.

पावणेसहाला झालं. मला रात्री कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी गेले. मशीन थांबवून ठेवलं होतं, तपासणीला अकरा वाजता माणूस येणार होता, आणि सगळे चहाला गेले होते. मी पेटी उघडली. वायर काढून खिशात घातली. मग बटण खोलून साफ केलं, तेल दिलं. ते मी का केलं, याचं मला अजून उत्तर देता येत नाही. वायर काढली ते भीतीनं, ते समजतं. पण बटण मी नीट चालेल असं करून ठेवलं. तपासणीला आलेल्या माणसानं दोन्ही बटणं दाबून पाहिली. दोन्ही चोख. मग त्यानं विचारलं, असं असताना प्रेस पडली कशी? शेजारी खिळ्याला सायकलच्या ट्यूबची रबरं लटकत होती, माल बांधायची. मालक त्यांच्याकडे बघून म्हणाले, या बायका बटणाला हेच बांधतात. मी तिथं उभी होते. तुझ्या मशीनवर रबर नव्हतं हे त्या खोलीत एकट्या मला ठाऊक होतं.

तुला जो काळा रंग दिसतो तो त्या रबरांचा आहे. ती तू रोज पाहायचीस. बांधलीस कधीच नाहीस.

दवाखान्यात मी एकदा आले होते, तुला आठवतं का माहीत नाही. तू झोपेतून उठलीस आणि पहिलं विचारलंस, “झाली का गं मुलाखत?” मी म्हटलं, झाली. तू म्हणालीस, “मंग लागंल नंबर.” लागला.

लोक मला विचारतात, दोन तळहातांची कल्पना कुठून सुचली. मी कधी म्हणते कामगारांच्या मुलाखती घेतल्या, कधी म्हणते सुरक्षेच्या नियमांवरून. शेडमध्ये ती प्रेस मी अशी बांधली की कोणीही, कशानंही, तिला फसवू शकणार नाही. अर्धा सेकंद, साठचा आकडा, सगळं मीच ठरवलं. राज म्हणायचा, खेळण्याला एवढे नियम कशाला. मला वाटायचं मी काहीतरी भरून काढते आहे. आणि त्या नियमानं पहिलं कोणाला परत पाठवलं ते तू पाहिलंस.

काल मी राजला सगळं सांगितलं. त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मग म्हणाला, “ट्रस्टला काय सांगायचं?” मी म्हटलं, हेच. प्रेसची चौकट कालपासून बंद आहे. तुझा आवाज मी पुसलेला नाही, तो तुझा आहे. पण तो तिथं वाजणार नाही. पोरांना रबराचं सांगायला हवं, हे तुझं म्हणणं खरं आहे. ते सांगता येईल. तुझ्यावर घालून सांगता येणार नाही.

या पत्रात आधी मी असं लिहिलं होतं, की सोबत एक लेखी जबाब जोडते आहे आणि तू सांगितलंस तर तो कार्यालयात देईन. ते पान फाडलं. तसं केलं असतं तर पुन्हा तुझ्याच हातात काम दिल्यासारखं झालं असतं.

म्हणून आज सकाळी जाऊन दिला. कारखान्यांची तपासणी ज्यांच्याकडे असते त्या कार्यालयात. टेबलावरच्या गृहस्थांनी विचारलं, “अर्जदार कोण?”

“मी.”

“अपघात तुम्हाला झाला?”

“नाही. छाया विधाते म्हणून तिथं कामाला होत्या, त्यांना.”

“मग अर्ज त्यांनी करायला पाहिजे. तुमचं काय नुकसान झालं?”

“माझं काही झालं नाही. मी केलं.”

त्यांनी चष्मा काढला आणि पूर्ण जबाब वाचला. दोन पानं आहेत. वाचून म्हणाले, “मॅडम, साडेनऊ वर्षं झाली. हे न देता तुम्ही घरी गेलात तर तुम्हाला कोणी विचारणार नाही.” मी म्हटलं, एकीनं विचारलंय. त्यांनी शिक्का मारला. पुढे काय होईल ते त्यांनाही सांगता आलं नाही. जुनी फाइल निघेल, मला बोलावतील, कदाचित पोलिसांकडे जाईल. सावळीरामांनाही बोलावतील. तुलाही बोलावतील. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. जबाब माझा आहे, तो तुझ्याशिवाय उभा राहतो.

शिक्क्याची प्रत सोबत आहे. तुझ्या कामाच्या कागदांवर “स्वतःच्या निष्काळजीपणामुळे” असं लिहिलेलं असेल, त्याला ही जोडून ठेव. काम नाकारणाऱ्यांना दाखव, किंवा कोणालाच दाखवू नकोस. तेजलला हे पत्र वाचायला द्यायचं की नाही, तेही तूच ठरव. माझं नाव लपवायची गरज नाही.

आईबाबांना आज संध्याकाळी सांगणार आहे. आईला दोनदा सांगावं लागेल.

तू मला हर्षू म्हणायचीस. ते मी पत्राखाली लिहीत नाही. माफ कर, असंही कुठं लिहिलेलं नाही. ते लिहिलं की तुला काहीतरी करावं लागतं, आणि या गोष्टीत तू पुष्कळ केलं आहेस.

ती वायर जोडणारी आणि काढणारी,
हर्षाली दीपक खैरनार
शिकाऊ वायरमन, २०१४-१५